आईवडिलांची सही घेतली म्हणून लहान मुलगा कामावर ठेवता येत नाही

छोट्या धंदेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला महिन्याभरात तीन जणांनी पाठवला आणि प्रत्येकाने खाली विचारलं की हे खरं आहे ना. मेसेज थोडक्यात असा: दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर बालकामगार कायदा लागू होत नाही, मुलाला चौदावं लागलं आणि पालकांनी लिहून दिलं की झालं, घरचा मुलगा कितीही वेळ बसू शकतो, बिनपगारी शिकायला ठेवलेला पोरगा कामगार धरत नाहीत, आणि पकडलंच तर किरकोळ दंड भरून सुटता येतं. मी दुकानदारांची लायसन्स, रजिस्टर, हिशोब ही कामं करतो, म्हणून तळमळीने लिहितोय, कारण हा मेसेज वाचून माणसं खरंच पोरं कामाला ठेवतायत.

पहिलं, दहा माणसांचं. कामगारांची संख्या बघून लागू होणारे कायदे आहेत, दुकाने आस्थापनांचा आहे, पीएफचा आहे, त्यातलीच अट कुणीतरी उचलून इथे चिकटवली. १९८६ च्या बालकामगार कायद्यात असा आकडाच नाहीये. दुकान, वर्कशॉप, शेत, हॉटेल, खानावळ सगळं त्याच्या व्याख्येत येतं. तुम्ही एकटे आणि मदतीला एक पोरगा, एवढं असलं तरी लागू.

आता चौदाव्याचं, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आपण बोलताना चौदावं लागलं म्हणतो तेव्हा मुलाची तेराच पूर्ण झालेली असतात. कायदा १४ पूर्ण झाल्याचं विचारतो. २०१६ ची दुरुस्ती झाली त्यानंतर १४ पूर्ण न झालेल्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामावर ठेवता येत नाही, धोक्याचं काम असो नाहीतर नुसतं गल्ल्यावर बसणं. (घरच्यांना मदत आणि चित्रपट, मालिका, खेळ यांच्यासाठी अटींसह सूट आहे, बाकी नाही.)

एका गॅरेजवाल्याने मला ड्रॉवरमधून, गाड्यांच्या चाव्यांच्या खालून, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेला स्टँप पेपर काढून दाखवला होता. तीन ओळी, खाली वडिलांचा अंगठा, माझ्या मर्जीने मुलाला कामावर ठेवत आहे. मी शाळेचा दाखला मागवला. पोरगा स्वतःच घेऊन आला, हाताला ऑइल होतं म्हणून दाखला दोन बोटांनी कडेला धरलेला. जन्मतारखेवरून हिशोब केला तर तेरा वर्षं चार महिने. गॅरेजवाला म्हणे चौदावं चालूच आहे की, आणि बापाची सही आहे ना. माणूस वाईट नव्हता हो, त्याला खरंच वाटत होतं की कागद आहे म्हणजे आपण सेफ. पण कायद्यानेच जे बंद केलंय त्याला बापाच्या संमतीने परवानगी मिळत नाही, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलगा स्वतः करार करूच शकत नाही. उलट तो कागद म्हणजे तुम्हाला वय माहीत होतं याचा तुम्हीच जपून ठेवलेला पुरावा.

मग १४ ते १८ वाल्यांचं काय? काही जण उलट टोकाला जाऊन अठराच्या आत कुणीच नको म्हणतात, तेही बरोबर नाही. १४ पूर्ण झालेल्याला ठेवता येतं, फक्त खाणी, स्फोटकं, ज्वालाग्राही पदार्थ आणि कायद्याच्या यादीतली धोकादायक कामं सोडून, आणि वेळेची बंधनं कडक आहेत, जी त्या मेसेजमध्ये औषधालासुद्धा नाहीत. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान एक तास सुट्टी, आणि सुट्टी धरून, नुसतं कामाची वाट बघत बसलेला वेळ धरून, दिवसाचे एकूण सहा तास. म्हणजे १० ला आला तर १ पर्यंत काम, २ पर्यंत सुट्टी, ४ ला घरी. प्रत्यक्ष काम पाचच तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ अजिबात नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. कॉलेज करून ६ ते १० पार्ट टाइम येतो असं लोक मला अगदी कौतुकाने सांगतात, त्यातला एकच तास कायद्यात बसतो. शिवाय ३० दिवसांत इन्स्पेक्टरला लेखी कळवायचं आणि त्याचं नाव, जन्मतारीख, कामाच्या वेळा लिहिलेलं रजिस्टर ठेवायचं.

घरच्या मुलाचं म्हणाल तर सूट आहे, पण कितीही वेळ हे कुठून आलं? शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच, धोक्याच्या कामात नाही, संध्याकाळी सातनंतर नाही, आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे दिवसाला तीन तासांच्या वर नाही. घरचे कोण तेही लिहिलंय: आईवडील, भाऊबहीण, काका, आत्या, मामा, मावशी. गावाकडून आणलेला लांबचा भाचा यात येत नाही, तो तुम्हाला मामा म्हणत असला तरी.

बिनपगारीचा मुद्दा वाचून तर मला रागच आला. कायद्याचे शब्द कामावर ठेवणं किंवा काम करू देणं असे आहेत, पगाराचा संबंधच नाही. पोराला राबवून घ्यायचं आणि वर पैसेही द्यायचे नाहीत, हा बचाव कसा होईल? खरंच शिकवायचं असेल तर १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, तिथे १४ पूर्ण लागतात, पालकाच्या सहीचा करार रीतसर नोंदवावा लागतो. पालकाच्या सहीला किंमत आहे ती तिथे.

आणि दंड. सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर एक ते तीन वर्षं कैदच. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. मुलाला डांबून ठेवलं किंवा त्याची कमाई दाबून ठेवली तर २०१५ चा बाल न्याय कायदा लागतो, त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड, आणि तिथे मूल म्हणजे १८ च्या आतलं.

त्या गॅरेजवाल्याने मला विचारलं, मग आता याचं काय करू, घरी तर हा बसणार नाही. मी म्हटलं आधी आजपर्यंतचे त्याचे पैसे चुकते कर, मग दोघं मिळून शाळेत जाऊ. मुख्याध्यापकांनी पटावर नाव अजून आहे का ते बघितलं, होतं.