रांगेत उभं राहणं म्हणजे खेळ नव्हे

पाळणाघरात रोज अर्ध्या तासाचा व्यायामाचा तास ठेवा, असं एका लेखात सुचवलंय. तेवढ्यानं भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० तरी दमवणारी. ही मुलं सलग पळत नाहीत; थांबतात, पुन्हा सुटतात. म्हणून १०-१५ मिनिटांचे तुकडे दिवसभर विखरून ठेवा.

खरा वेळ रांगेत जातो. वीस मुलं आणि एक चेंडू असेल, तर एकोणीस नुसती उभी! प्रत्येकाच्या हातात काहीतरी हवंच, मग ती कापडाची गुंडाळी का असेना. बाद व्हायचे खेळ तर नकोतच, कारण सरावाची सर्वांत जास्त गरज असलेलं मूलच आधी बाहेर बसतं. संगीत खुर्चीत खुर्च्या कमी न करताही मजा येते.

झेल शिकवताना लहान, कडक चेंडू दिला की मूल डोळे मिटून तोंड फिरवतं. आधी हलकी ओढणी उडवा. ती सावकाश खाली येते, नजर तिच्यामागे जाते. मग मोठा मऊ चेंडू, हातभर अंतरावरून.

जागा लहान असेल तर फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या रेषा आखा, पण धावायची दिशा एकच ठेवा, नाहीतर टकरा होतात. गुळगुळीत फरशीवर मोजे काढायलाच लावा.

आणि रांगतही नसलेल्या तान्ह्यांना विसरू नका: जागेपणी, कुणीतरी समोर बसून, थोडं थोडं करत दिवसाकाठी किमान ३० मिनिटं पालथं ठेवायला हवं.