बांगड्याच्या पोटात काय असतं?

मासे काय खातात यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'बांगडा छोटे मासे खाऊन जगतो' हे पटलं नाही. आम्ही मालवणचे, बांगडे साफ करण्यात जन्म गेला. पोट चिरलं की हिरवट-तपकिरी चिखलासारखा लगदाच निघतो, अख्खा मासा क्वचितच. कल्ला उचलून बघा, आत फणीसारखे लांब दाते असतात. तोंड उघडं ठेवून पोहताना पाण्यातलं प्लवंग (तरंगणारे सूक्ष्म जीव) त्यातच गाळलं जातं. मासे खाणारी ती सुरमई, तिच्या पोटात तारल्या मिळतात.

ऋतूप्रमाणे माशांचं खाणं बदलतं, हा तुमचा मुद्दा मात्र बरोबर. पावसाळ्यात तळाचं थंड, पोषक पाणी वर येतं, नद्यांचा गाळ उतरतो, डायटम (सूक्ष्म शैवाल) माजतात आणि तारली त्यावर ताव मारते. म्हणून मासेमारीबंदी (१ जून ते ३१ जुलै) उठल्यानंतर, दिवाळीच्या आसपासची तारली तव्यावर स्वतःच्याच तेलात भाजते. गाबोळी (अंडी) भरलेला बांगडा मात्र फारसा खात नाही, पोट चपटं असतं.

बोंबलाबद्दल एक ओळसुद्धा नाही? सासर पालघरकडचं, तिथे बोंबलाच्या पोटात जवळा तर मिळतोच, कधीकधी छोटा बोंबीलही! सासूबाई त्याला सरळ 'भावखाऊ' म्हणतात.