पोरांना फाटकावरून परत पाठवू नका

नागपुरात आमच्या मानेवाड्यातल्या कॉलनीत सध्या वाद पेटलाय. कॉलेजच्या काही पोरापोरींनी ठरवलं, की मार्च संपायच्या आत घरोघरी जाऊन गच्चीला चुना मारून द्यायचा आणि कूलर नीट बसलाय का ते बघायचं. त्यावर एका काकाजींचं म्हणणं आलं, ‘पोट्ट्यायले कामधंदे नाहीत काय? ज्याले गरम होते त्यानं एसी लावावा. परक्या लोकायले घरात काहून घ्यायचं?’ मी विरोध केला, तर मला उत्तर मिळालं, ‘तुम्ही तिकडं थंडीत राह्यता, आमचं ऊन आमाले पाहू द्या.’

हे मला लागलं.

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये हिवाळ्यात मी हेच काम करते. २०२२ साली गॅसचे भाव असे चढले, की म्हातारी माणसं एका खोलीपुरता रेडिएटर लावून बाकी घर बंद करून बसू लागली. आम्ही दोघं-दोघं जातो. थर्मल कॅमेरा दाराशी धरला की जमिनीलगत निळा पट्टा उमटतो. गार वारा शिरतो तो तिथूनच. मग ब्रशची पट्टी कापून दाराला बसवायची, घर तापवणाऱ्या बॉयलरचं पाणी ऐंशीवरून साठ अंशांवर आणायचं, लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, चढून ऊब राखायला अंथरलेली लोकर २७० मिलिमीटर आहे की निम्मीच, ते मोजायचं. परकी, सावळी बाई झोपायच्या खोलीत शिरली म्हणून आजवर कोणी मला हटकलेलं नाही.

नागपुरात उष्णता उलट्या दिशेनं जाते, एवढाच फरक. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत धग सोडत राहतो. चुन्याचा पांढरा हात दिला की बरंचसं ऊन वरच्या वर परततं. चुना आणि थोडं फेव्हिकॉल, एसीच्या किमतीपुढे हा खर्च तो काय! आणि कूलर लावून समोरची खिडकी घट्ट बंद ठेवणारी घरं मी आमच्याच नात्यात पाहिली आहेत. दमट हवा आत कोंडते, अंग चिकचिकतं, आणि लोक म्हणतात कूलर बिघडला. वाळ्याच्या ताट्यांवर क्षार साचले की पाणी सगळीकडून झिरपत नाही, हेही कोणी वाकून बघत नाही. हे दाखवायला दहा मिनिटं पुरतात, पण दाखवणारं कोणी दारात यायला हवं.

मे २०२४ मध्ये ५६ अंशांचा आकडा सगळ्यांनी सगळ्यांना पाठवला. पुढे हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सरच चुकला होता. पण २३ मे २०१३ चे ४७.९ अंश खरे होते, आणि त्या दिवशी टिनाखाली राहणाऱ्यानं एसी कुठं लावायचा होता? एसीची गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीशी जाते, आणि विजेसाठी कोळसा आपल्याच कोराडीत जळतो. शेजारच्या तेलंगणनं २०२३ मध्ये कूल रूफचं, म्हणजे ऊन परतवणाऱ्या छतांचं, धोरणच आणलं; आपण अजून पोरांना जिना चढू द्यायचा की नाही यावर भांडतोय.

इंग्रज शहाणे आणि आपण मागासलेले, असं मी म्हणत नाही. उन्हाळा लागला की चौकाचौकात रांजण मांडून पाणपोई लावणारं आपलं शहर आहे. वाटसरूला नाव-गाव न विचारता पाणी देणाऱ्या लोकांनी गल्लीतल्या पोरांना परकं म्हणावं, याचा मला राग येतो.

माझी आई त्याच कॉलनीत वरच्या माळ्यावर एकटी राहते. नवतप्यात, मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी तिच्या खोलीचं काय होतं, ते मला फोनवर तिच्या आवाजावरून कळतं. इथं मी दुसऱ्यांच्या आयांच्या दारांना पट्ट्या लावते. तिच्या गच्चीवर वेळेला जाऊ शकतील ती हीच पोरं. काकाजी ‘परके’ म्हणतात तेव्हा त्यांच्या हिशेबात मीही येते, हे मला समजतं. ते मला मान्य नाही. त्या गच्चीवर वाळवणं राखत मी मोठी झाले आहे.

काकाजी, तुमच्या घरी नको असेल तर राहू द्या. आमच्या गच्चीपासून सुरू होऊ द्या. आईशी बोलणं झालंय, कुलपाची किल्ली खालच्या काकूंकडे आहे.