पिनमोड वगळलं तरी चालतं? नाही चालत

अर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर पिनेला हाय किंवा लो करणारं फंक्शन म्हणजे डिजिटलराइट, आणि पिन इनपुट की आउटपुट हे ठरवणारं म्हणजे पिनमोड. ‘डिजिटलराइट लिहिलं की पिन आपोआप आउटपुट होते, पिनमोडची ओळ उगाच’ असं सांगणारी पोस्ट सध्या फिरते आहे. पुरावा म्हणून पेटलेला एलईडी दाखवलाय. एलईडी पेटतो हे खरं, पण निष्कर्ष चूक आहे.

अर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये रिसेटनंतर सगळ्या पिना इनपुटच असतात, कारण दिशा ठरवणाऱ्या डीडीआर रजिस्टरचे (चिपमधली सेटिंग साठवणारी छोटी जागा) बिट ० असतात. डिजिटलराइट त्या रजिस्टरला हात लावत नाही, हाय दिलं की ते फक्त पोर्ट या दुसऱ्या रजिस्टरमध्ये १ लिहितं. आणि पिन इनपुट असताना तिथे १ लिहिला की आतला पुल-अप (पिनेला हायकडे ओढणारा) रेझिस्टर चालू होतो, २० ते ५० किलोओहमचा. म्हणजे लाल एलईडीला मिळतो जेमतेम ०.१ मिलिअँपिअर. पिन खरोखर आउटपुट असती, तर २२० ओहमच्या रेझिस्टरमधून १३ च्या आसपास मिळाला असता. पोस्टमधला एलईडी बारकाईने पाहा, तो मंदच आहे! तिथे ट्रान्झिस्टर लावून रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवायला जाल तर रिले बहुधा ओढलाच जाणार नाही, म्हणजे चालू होणार नाही, आणि दोष विनाकारण वायरिंगवर जाईल.

गैरसमज बहुधा पिनेवर कमी-जास्त पातळी देणाऱ्या अॅनालॉगराइटमुळे झाला असावा. ते फंक्शन मात्र पिन स्वतःच आउटपुट करतं.

लो सिग्नलवर चालू होणारा रिले असेल, तर सेटअपमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात) आधी डिजिटलराइटने हाय लिहा, मग पिनमोड आउटपुट करा. उलट केलंत तर पिन आधी लो होते, आणि बोर्ड सुरू होताना रिले क्षणभर ओढला जाऊ शकतो.