डॅशबोर्डमध्ये सगळ्यात आधी म्हातारं काय होतं?

गाडी बाहेरून जुनी झाली की लोक कौतुकाने क्लासिक म्हणतात, आतून जुनी झाली की नुसती जुनाट वाटते. आणि माझं मत विचाराल तर आतलं सगळ्यात लवकर तेच म्हातारं होतं जे शोरूममध्ये एकदम फ्युचरिस्टिक वाटलेलं असतं.

१९७६ ची अ‍ॅस्टन मार्टिन लगोंडा बघा. काटे काढून टाकले, लाल एलईडीचे आकडे, स्पर्शाने चालणारी बटणं. आज फोटो बघितला तर जुना कॅल्क्युलेटर वाटतो, आणि ते इलेक्ट्रॉनिक्स तेव्हाही धड चालत नव्हतंच. त्याच वर्षी मर्सिडीजची डब्ल्यू १२३ आली, साधे गोल मीटर, काळ्यावर पांढरे आकडे, बस्स. आजही त्यात कुणीही बसावं आणि चालवायला लागावं!

उन्हाने प्लास्टिक तडकतं, सॉफ्ट टच कोटिंग काही वर्षांनी चिकट होतं (हा प्रकार ज्याने शोधला त्याला नमस्कार), पियानो ब्लॅकवर (म्हणजे चकचकीत काळं प्लास्टिक) तर फडकं फिरवलं तरी ओरखडे. पण ते सगळं चालवून घेता येतं हो, स्क्रीनचं तसं नाही. २०२१ मध्ये टेस्लाला जवळपास १ लाख ३५ हजार गाड्या रिकॉल कराव्या लागल्या, का तर ८ जीबीची मेमरी चिप डेटा लिहून लिहून झिजत होती, आणि स्क्रीन गेली की रिव्हर्स कॅमेरापण गेला.

बरं नवीन असताना तरी सोपं असतं का? २०२२ मध्ये 'वी बिलागारे' या स्वीडिश मासिकाने ताशी ११० च्या स्पीडला टेस्ट घेतली, एसी, रेडिओ वगैरे चार कामं करायची. बटणंवाल्या २००५ च्या व्होल्वो व्ही७० मध्ये १० सेकंद लागले, टचस्क्रीनवाल्या नव्याकोऱ्या एमजी मार्वल आर मध्ये ४४.६!! आता २०२६ पासून युरो एनकॅपमध्ये (गाड्यांच्या सुरक्षेची युरोपातली चाचणी) पूर्ण मार्क हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हॅझार्डला खरी बटणं लागणार, म्हणजे कुणाला तरी जाग आली म्हणायची.

मी स्क्रीनच्या विरोधात नाहीये, मॅप आणि कॅमेऱ्याला ती हवीच. पण पूर्वी स्टिरिओची खाच स्टँडर्ड मापाची असायची, जुना स्टिरिओ उपसायचा, नवीन बसवायचा, विषय संपला. आता एसी आणि अर्ध्या गाडीची सेटिंग्ज त्याच स्क्रीनच्या पोटात, मग बदलणार काय आणि कशी? स्क्रीन बदलता येईल अशी द्या आणि एसीचा नॉब बाहेर ठेवा, एवढंच मागणं आहे राव.