खुलासा : चेल्याबिन्स्कच्या बर्फात लालबुंद निखारे पडले नव्हते

'रशियात उल्केचे पेटते दगड पडून दीड हजार माणसं भाजली', असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियातल्या चेल्याबिन्स्क शहराजवळ साधारण ३० किलोमीटर उंचीवर अग्निगोल, म्हणजे झगझगीत उजेड देणारी मोठी उल्का, फुटला. उजेड पाहायला लोक खिडकीशी गेले आणि मागाहून पोचलेल्या दणक्याने काचा फुटल्या. जखमा झाल्या त्या बहुतेक या काचांनी.

तुकडे पेटते नव्हतेच. फुटल्यावर त्यांचा वेग झपाट्याने उतरतो, उजेड विझतो आणि उरलेलं अंतर ते गार हवेतून खाली येतात. तापतं ते वरचं पातळ कवच, तेही वाटेतच निवतं. म्हणून शोधणाऱ्यांनी धूर नाही, बर्फातली बारकी भोकं पाहिली. भोकाच्या तळाशी बोराएवढा काळा खडा. फुटलेल्या कडेला आतला राखाडी रंग दिसतो, आणि लोहचुंबक धरलं तर तो ओढला जातो. सगळ्यात मोठा तुकडा चेबरकुल सरोवराच्या तळातून ऑक्टोबरमध्ये वर काढला. वजन करताना काटा ५७० किलोपर्यंत गेला आणि मोडला.

असा मजकूर कुणी पाठवला, तर कृपा करून पुढे ढकलू नका.