तीन मिनिटांचा माईक

मास्तर कट्ट्यावर आले तेच तणतणत. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. तिथल्या स्कूल बोर्डाच्या सभेत ती शाळेच्या बसबद्दल बोलायला उभी राहिली, तीन मिनिटं झाली आणि अर्ध्या वाक्यात माईक बंद!

"तीन मिनिटं मिळाली ना?" बंड्या म्हणाला. "आपल्या महापालिकेच्या सभेत गॅलरीत नुसतं खाकरलं तरी शिपाई वळून बघतो."

वकिलांनी चहा खाली ठेवला, म्हणजे आता वेळ लागणार. "न्यू जर्सीत कायदाच आहे. शाळा मंडळाला प्रत्येक सभेत लोकांसाठी वेळ राखून ठेवावाच लागतो. किती, ते मंडळ ठरवतं. वेळेला कात्री चालते, मताला नाही."

मग त्यांनी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचं प्रकरण काढलं. साल 1971. शिक्षक संघटनेची मंडळाशी बोलणी चालू. मागणी अशी की सभासद नसलेल्यांकडूनही वाटाघाटींच्या खर्चाचा वाटा कापून घ्यावा. जाहीर सभेत संघटनेचा अध्यक्ष बोलला. मग सभासद नसलेला एक शिक्षक उठला आणि म्हणाला, घाई करू नका, आधी नीट अभ्यास होऊ द्या. संघटनेने तक्रार केली. राज्याच्या आयोगाने मंडळाला बजावलं की अशांना या विषयावर बोलूच देऊ नका.

"बरोबरच केलं!" आण्णा उसळले. आयुष्य कारखान्याच्या युनियनमध्ये गेलेला माणूस. "बोलणी आम्ही करायची आणि ऐन वेळी एकाने उठून मालकासमोर वेगळाच सूर लावायचा? मालकाला तेच हवं असतं."

"आण्णा, तो करार करायला उठला नव्हता. मत सांगायला उठला होता. 1976 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच सांगितलं. सभा लोकांना खुली केलीत, की एका बाजूला माईक आणि दुसऱ्या बाजूला तोंडावर बोट, असं चालणार नाही."

आण्णांना ते पटलं नाही. मला विचाराल तर त्यांच्या रागात तथ्य आहे. फूट पडली की संप कसा मोडतो, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्या शिक्षकाला गप्प बसवून फूट मिटली असती, हे काही मला पटत नाही.

"मग मंडळाला ऐकावं लागतं का?" मास्तरांचा मुद्द्याचा प्रश्न.

वकील हसले. "नाही. 1984 च्या मिनेसोटाच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं, सरकारने तुमचं ऐकलंच पाहिजे असा घटनात्मक हक्क नाही."

"घ्या! म्हणजे भिंतीशी बोला," आण्णा खूश.

खरी गंमत फ्लोरिडात झाली. ब्रेव्हार्ड काउंटीत शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकावर आक्षेप घेत सभेत त्यातलाच उतारा वाचला गेला. अध्यक्षांनी थांबवलं, म्हणे अश्लील आहे. 2024 साली अपील कोर्टाने विचारलं, जे पुस्तक प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या हाती जाऊ शकतं, ते मोठ्यांच्या सभेत वाचायला अयोग्य कसं? कट्टा खदखदून हसला. पुस्तकं काढण्याची मागणी मला स्वतःला मान्य नाही, पण कोर्टाचा टोला बिनतोड होता. 'अपमानास्पद' किंवा 'व्यक्तिगत' बोलण्यावरची बंदीही त्याच निकालात उडाली. ओहायोत 2021 सालीही असंच झालं होतं. मात्र आधी नाव नोंदवायची अट तिथे टिकली.

"इथे कायदा काय कमी आहे?" मास्तर म्हणाले. "शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका."

"आणि सह्या घरोघरी जाऊन," बंड्या. त्याची बायको अशाच एका समितीवर आहे. रजिस्टर घरी येतं, सभा येत नाही. शिवाय हे कलम विनाअनुदानित शाळांना लागू नाही. तिथे महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क कायद्याने पालक-शिक्षक संघ, त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठी निघाली नाही तर फी कशी ठरली, ते नोटीस बोर्डावर वाचायचं.

"पण उद्या कुणी भर सभेत हेडमास्तरला चोर म्हणालं तर?" मास्तरांमधला शिक्षक जागा झाला. "तेही ऐकून घ्यायचं?"

"नंतर अब्रुनुकसानीचा दावा लावा."

"नंतर? तोवर गावभर झालेलं असतं, वकील!"

वकिलांनी आणखी एक कटिंग सांगितला.